नाशिक रोडवर रात्री आभाळ खाली उतरतं

जानेवारीतला एखादा कोरडा, निरभ्र दिवस निवडावा आणि एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीकडे तीनदा नीट पाहावं. गोदावरीकाठचं हे केंद्र नाशिक रोडकरांच्या तोंडी नुसतं ‘थर्मल’ आहे. 210 मेगावॅटचे तीन संच तिथं आहेत, आणि संच चालू असले की जेल रोडवरच्या उंच इमारतींच्या गच्चीवरूनही तिथला धूर दिसतो. उजाडताना पाहिलं, तर तो चिमणीच्या तोंडातून निघून जरासा वर जातो आणि मग चक्क आडवा होतो. वर चढत नाही, खालीही येत नाही. फिकट करडी पट्टी लांबवर तशीच पडून राहते. दुपारी तीनला पाहिलं, तर तोच धूर झोकांड्या खात असतो. एकदा वर उसळतो, एकदा खाली डुबकी मारतो आणि बघता बघता विरून जातो. सगळ्यात विलक्षण प्रकार मधल्या वेळी घडतो. सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमाराला ती आडवी पट्टी खालच्या बाजूनं विस्कटायला लागते आणि तिच्यातला धूर जमिनीकडे यायला लागतो.

कोळसा तोच, चिमणी तीच. फरक पडतो तो सभोवतालच्या हवेत, आणि तोही दर चोवीस तासांनी न चुकता. हवेतल्या धूळ-धुराचं प्रमाण दिवसा आणि रात्री इतकं वेगळं का असतं, याचं उत्तर या फरकात आहे. मला स्वतःला हवेच्या अभ्यासात याच्याइतकी थक्क करणारी दुसरी गोष्ट माहीत नाही. कारण ती रोज आपल्या डोक्यावर घडते आणि तिच्यासाठी वर बघण्याखेरीज काही करावं लागत नाही.

हवेत तरंगणाऱ्या घन किंवा द्रव कणांना शास्त्रज्ञ एरोसोल म्हणतात. रस्त्यावरची माती, डिझेलची काजळी, चुलीचा आणि शेकोटीचा धूर, कोळशातल्या गंधकापासून बनलेली सल्फेटं, खतातल्या नि गोठ्यातल्या अमोनियापासून बनलेले क्षार, फुलांचे पराग, समुद्रावरून आलेलं मीठ, सगळं यात येतं. यातले 10 मायक्रॉनपर्यंतचे कण ‘पीएम 10’ आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे ‘पीएम 2.5’ या नावानं मोजले जातात. माणसाच्या केसाची जाडी साधारण 50 ते 70 मायक्रॉन असते. त्यावरून या कणांचा अंदाज यावा. सिन्नर फाट्यावरून आलो की शर्टावर जी धूळ दिसते ती या हिशेबात फारच जाडीभरडी. खरी काळजी ज्यांची करायची ते कण दिसतच नाहीत.

हिवाळ्यातल्या दिवसाचे या कणांचे तासागणिक आकडे कागदावर मांडले, तर दख्खनच्या पठारावरच्या बहुतेक शहरांत दोन उंचवटे दिसतात. एक सकाळी साधारण सात ते दहाच्या दरम्यान, दुसरा रात्री आठ ते अकराच्या दरम्यान. दुपारी दोन ते चारच्या सुमाराला आलेख खाली बसतो. आता नाशिक रोडच्या बिटको चौकात दुपारी तीनला उभं राहून बघा. रिक्षा, एसटी, पुण्याकडे जाणारे ट्रक, कशाचीच कमी नसते. धूर निघतोय भरपूर आणि हवा मात्र दिवसातली सगळ्यात बरी.

यावर अनेक जण म्हणतात, रात्री वारा पडतो, त्यामुळे वरची धूळ खाली बसते आणि आपल्या नाकाशी येते. ऐकायला पटतं, पण हिशेब करून पाहिला की ते टिकत नाही. स्थिर हवेत 10 मायक्रॉनचा कण तासाला साधारण 10 मीटर खाली येतो. अडीच मायक्रॉनचा कण तासाला जेमतेम पाऊण मीटर. म्हणजे बारा तासांची अख्खी रात्र गेली तरी तो फार तर तीन मजले उतरला. आणि काजळीचा 0.1 मायक्रॉनचा कण? त्याला चोवीस तासांत 7-8 सेंटीमीटर उतरता आलं तरी पुष्कळ. एवढे बारीक कण हवेत पडत नसतात, ते हवेसोबत जातात. हवा वर गेली की वर, आडवी गेली की आडवे, आणि हवा अडली की तेही अडले. म्हणून कणांपेक्षा हवेचीच चौकशी आधी करायला हवी.

सूर्य हवेला थेट फारसा तापवत नाही. तो जमीन तापवतो आणि जमीन हवेला. दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर निघते, तिची जागा घ्यायला वरची हवा खाली येते, आणि ही घुसळण हिवाळ्याच्या दुपारीही हजार-दीड हजार मीटर उंचीपर्यंत पोचते. एप्रिल-मेमध्ये तर अडीच-तीन किलोमीटरपर्यंत. घारी पंख न हलवता वर चढत जातात त्या या झोतांवरच. बिटकोतल्या रिक्षेचा धूरही त्याच वाटेनं वर जातो आणि एवढ्या उंच हवेत वाटला जातो.

सूर्य मावळला की जमीन आभाळाकडे उष्णता सोडू लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, हिवाळ्यातली हवा कोरडी, आभाळाला ढगांचं पांघरूण नाही. उष्णता अडवायला फारसं काही नसल्यानं जमीन भराभर गार होते. दुपारी 28-29 अंश असलेला पारा पहाटे 10 च्या आसपास येतो तो यामुळे. जमीन गार, जमिनीलगतची हवा गार, आणि तिच्यावरची हवा मात्र अजून उबदार. एरवी वर जावं तसं गार होतं, इथं वर जावं तसं उबदार होतं. गार हवा जड, ती खालीच बसून राहते, वर जायचं कारणच तिला उरत नाही. उबदार हवेचा तो थर खालच्या हवेवर झाकण होऊन बसतो. हे झाकण जमिनीपासून किती उंच? अशा रात्री 100 ते 300 मीटर. थोडी उंच चिमणी त्याच्या आसपास किंवा वर तोंड काढते, पण रिक्षा, शेकोटी आणि बेकरीची भट्टी पूर्णपणे त्याच्या खाली.

एक साधा हिशेब मांडू. एक चौरस किलोमीटरची वस्ती घ्या, म्हणजे जेल रोडचा एखादा तुकडा. तिच्यावरच्या हवेत फक्त 30 किलो बारीक कण सोडले असं धरा. दीड हजार मीटर उंचीच्या हवेत ते सारखे मिसळले, तर एका घनमीटरला 20 मायक्रोग्रॅम वाट्याला येतात. तेच 30 किलो 150 मीटरच्या थरात अडकले, तर 200 मायक्रोग्रॅम. आपल्याकडे 2009 पासून लागू असलेलं चोवीस तासांचं मानक पीएम 2.5 साठी 60 आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये सुचवलेलं फक्त 15. तेवढाच धूर एका वेळी मानकाच्या बराच आत आणि दुसऱ्या वेळी तिपटीहून जास्त! प्रत्यक्षात रात्री रहदारी कमी होते, थोडा वारा असतो, त्यामुळे फरक दहापट पडत नाही. पण कारण हेच. रात्री धूर वाढत नाही, त्याला मिळणारी जागा आटते. आभाळ खाली उतरतं ते या अर्थानं, आणि मीटरमध्ये मोजता येईल इतकं खरोखर उतरतं.

हा उबदार थर डोळ्यांना दिसत नाही, पण नाशिक रोडला तो कानांनी ऐकता येतो. कडाक्याच्या थंडीत रात्री उशिरा स्टेशनवरून सुटणाऱ्या गाडीचा भोंगा उपनगरात, देवळालीत, किती तरी लांबवर स्वच्छ ऐकू येतो. अगदी रुळांच्या सांध्यांवरची खडखडसुद्धा. दिवसाचा गोंगाट थांबलेला असतो हे खरंच. पण तेवढंच कारण नाही. उबदार हवेत आवाजाचा वेग जास्त असतो, दर अंशाला सेकंदाला साधारण 0.6 मीटरनं. वरचा थर उबदार असला की वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. दिवसा उलट होतं, आवाज वर वळतो आणि हरवतो. म्हणजे थंडीच्या रात्री लांबचा भोंगा अंगणात आल्यासारखा वाटला, तर समजावं की धूरही अंगणातच आहे.

या थराची जुनी जाण मात्र आपल्या द्राक्षबागायतदारांकडे आहे. नाशिक रोडपासून पूर्वेला निफाड तालुका. थंडीची लाट आली की राज्यातला नीचांकी पारा बऱ्याचदा तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदला जातो, कधी पाच अंशांच्याही खाली. मणी तडकू नयेत, वाढ थांबू नये म्हणून शेतकरी रात्री बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात. बागेत पाहिलं तर दिसतं, की धूर वेलींच्या मांडवाच्या थोडा वर जातो आणि तिथूनच पसरतो, थेट पहाटेच्या चिमणीसारखा. पुष्कळांची समजूत अशी, की त्या धुराच्या पांघरुणानं ऊब राहते. धुराचे कण फार बारीक असतात आणि जमिनीतून निघणारी उष्णतेची लहर त्यांच्या मानानं लांब, त्यामुळे ती बरीचशी धुरातून निसटते. कामाला येते ती आगीची ऊब आणि तिनं केलेली हवेची हालचाल. आता यातली खुबी बघा. एकच मोठा जाळ केला, तर त्याची उष्ण हवा झाकण फोडून वर निघून जाते आणि बागेच्या हाती काही लागत नाही. लहान लहान शेकोट्या केल्या, तर त्यांची हवा उबदार थराशी पोचून थांबते आणि ऊब बागेवरच फिरत राहते. बाग वाचवायला लहान शेकोट्या जास्त का, याचं भौतिकशास्त्र असं आहे. अर्थात त्याच झाकणाखाली शेजारची वाडी-वस्तीही झोपलेली असते.

मग दुपारभर वर गेलेला धूर रात्री जातो कुठं? तो कुठंच जात नाही. संध्याकाळी घुसळण थांबते तेव्हा दुपारच्या हवेचा वरचा मोठा भाग, साधारण 300 मीटरपासून दीड हजार मीटरपर्यंतचा, खालच्या थरापासून तुटतो आणि तसाच तरंगत राहतो. जमिनीशी त्याचा घर्षणाचा संबंध सुटतो, म्हणून तिथला वारा रात्री उलट जोर धरतो आणि हा धूर शेकडो किलोमीटर वाहून नेऊ शकतो. आपण झोपलेलो असताना डोक्यावरून दुसऱ्या जिल्ह्याचा काल दुपारचा धूर चाललेला असतो. सकाळी सूर्यानं जमीन पुन्हा तापवली की खालून घुसळण सुरू होते, झाकण हळूहळू वर सरकतं आणि एका क्षणी त्या वरच्या थराला जाऊन भिडतं. मग वरचा धूर खाली ओढला जातो. चिमणीची आडवी पट्टी सकाळी नऊ-साडेनऊला जमिनीकडे येते ती अशी. सकाळच्या उंचवट्यात शाळेच्या बसगाड्या आणि कामावर निघालेल्यांच्या दुचाकींचा वाटा आहेच, पण थोडा वाटा कालच्या दिवसाचाही आहे.

हे सगळं शोधणं सोपं नव्हतं, कारण हवेतले कण मोजायची आपली कितीतरी साधनं सूर्यावर अवलंबून होती. नासाचे टेरा (1999) आणि ॲक्वा (2002) हे उपग्रह कणांवरून परतलेला सूर्यप्रकाश मोजत आले, बरीच वर्षं एक सकाळी साडेदहाच्या सुमाराला, दुसरा दुपारी दीडच्या. रात्र त्यांना दिसतच नाही. शिवाय वरून बघणाऱ्याला हवेच्या अख्ख्या खांबातले एकूण कण कळतात, ते कुठल्या उंचीवर आहेत ते कळत नाही. ती एकूण बेरीज दिवस-रात्रीत फारशी हलत नाही, हलते ती वाटणी. वाटणी बघायला लेसर लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, पी. सी. एस. देवरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात आर्गॉन लेसरचा लायडार उभारला. सूर्यास्तानंतर लेसरचा झोत आभाळात सोडायचा आणि काही अंतरावर ठेवलेल्या दुर्बिणीतून वेगवेगळ्या उंचीवरचे कण किती प्रकाश उधळतात ते टिपायचं. दिवसाच्या उजेडात ही क्षीण चमक बुडून जाते, म्हणून हे काम रात्रीचंच. पुण्याच्या आभाळातले कणांचे थर असे एकेक करून मोजले गेले. पुढे 2006 पासून 2023 पर्यंत कॅलिप्सो या उपग्रहानं हेच काम लेसरनं अवकाशातून, दिवसा आणि रात्रीही केलं.

आणखी एक गंमत. डोंगरावर हा सगळा आलेख उलटा होतो. आयआयटीएमची मेघभौतिकीची प्रयोगशाळा 2012 पासून महाबळेश्वरला, सुमारे 1,350 मीटरवर आहे. अशा उंचीवरची जागा हिवाळ्याच्या रात्री खालच्या झाकणाच्या पार वर असते, म्हणून तिथली रात्र नि पहाट स्वच्छ. दुपारी खालची घुसळण तिथवर चढली की खोऱ्यातला धूर वर पोचतो आणि कण वाढतात. म्हणजे खालच्याची हवा सुधारते त्याच तासाला वरच्याची बिघडते. आपल्याला एवढ्या लांब जायला नको. थंडीच्या सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून मागं वळलं, की शहरावर धुरक्याची सपाट कड दिसते आणि तिच्यावर निळं आभाळ. नाशिक रोडचा भाग तर गोदावरी आणि दारणा यांच्या मधला. एका बाजूला दसक-पंचक, दुसऱ्या बाजूला चेहेडी. गार हवा पाण्यासारखी उतारानं वाहते आणि नदीच्या सखल पात्राकडे गोळा होते, त्यामुळे तिथलं धुरकं उशिरापर्यंत रेंगाळतं.

कण रात्री नुसते कोंडले जात नाहीत, ते बदलतातही. वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून बनलेलं नायट्रिक आम्ल आणि अमोनिया हे दोन्ही वायू गार, दमट हवेत एकत्र येऊन अमोनियम नायट्रेटचे कण बनतात. दुपारच्या उन्हात तेच कण पुन्हा वायू होऊन अदृश्य होतात. वजनाच्या काट्यावर रात्री होते आणि दुपारी नाहीत! पहाटे हवेतली आर्द्रता वाढली की क्षारांचे कण पाणी पिऊन फुगतात, मोठ्या कणांवरून प्रकाश जास्त उधळला जातो आणि सकाळ पांढुरकी दिसते. सरकारी मापनयंत्रांत म्हणूनच हवा थोडी तापवून कोरडी करून मग कण तोलतात. घरी ठेवायच्या स्वस्त यंत्रांत ती सोय बहुधा नसते, तेव्हा दमट पहाटेचा त्यांचा आकडा थोडा फुगलेला धरावा. दुपारी मात्र नवीन कणांचा जन्म होतो. उन्हाच्या रासायनिक क्रियांनी बनलेली गंधकाम्लाची वाफ गोळा होऊन काही नॅनोमीटरचे असंख्य कण तयार होतात. त्यांची संख्या प्रचंड, वजन जवळजवळ शून्य. वजन मोजलं तर दुपार स्वच्छ, डोकी मोजली तर दुपारीच गर्दी, असंही एखाद्या दिवशी होतं.

पावसाळ्यात हा सगळा खेळ मंदावतो. ढग जमिनीची ऊब अडवतात, वारा थांबत नाही, पाऊस हवा धुऊन काढतो. उन्हाळ्यात दुपारचा वारा रस्त्यावरची माती उचलतो आणि पीएम 10 दुपारीही वाढू शकतं. पण दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ झाकणाचा. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये दिवाळीत फटाके वाजवायला रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. मुलांच्या झोपेचा, आजाऱ्यांच्या विश्रांतीचा विचार केला तर मर्यादा हवीच होती. हवेच्या दृष्टीनं मात्र झाकण बसू लागण्याचीच ही वेळ.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. 2014 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात कणांसाठी चोवीस तासांची सरासरी धरतात. वर्षाचा हिशेब ठेवायला ते ठीक. पण सरासरीत दुपार रात्रीला सांभाळून घेते आणि ‘मध्यम’ असा शेरा येतो. माणूस सरासरी हवेत श्वास घेत नाही, तो अमुक वाजताच्या हवेत घेतो. नाशिक 2019 पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. धूळ आणि वाहनं यांवर त्यात काम व्हायचं आहे, ते व्हावंच. त्यासोबत ‘केव्हा’ हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. रात्री नऊला कोपऱ्यावर जाळलेला पालापाचोळा आणि दुपारी निघालेला तेवढाच धूर, यांचं ओझं फुप्फुसांवर सारखं पडत नाही. खरं तर पालापाचोळा जाळूच नये, घंटागाडीत द्यावा. रखवालदाराच्या शेकोटीत टायर आणि प्लॅस्टिक जातं ते तर आधी थांबायला हवं. त्याला उबदार स्वेटर आणि बसायला आडोसा देणं सोसायटीला अवघड नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर केंद्रांचे तासागणिक आकडे पाहायला मिळतात. डिसेंबरातला एखादा आठवडा घेऊन नाशिकचे आकडे मुलांकडून कागदावर मांडून घ्या, ते दोन उंचवटे मुलांना स्वतःला सापडू द्या. आणि घरात दम्याचं, हृदयविकाराचं किंवा वय झालेलं माणूस असेल, तर थंडीच्या दिवसांत त्यांना पहाटे साडेपाचला फिरायला पाठवू नका. दुपारी साडेतीन-चारला न्या.